कोंबड्यांच्या गोष्टीतला कारभारी

गोष्ट कोंबड्यांची होती आणि झळ मला लागली.

शिरूर तालुक्यातल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये बोलावतात, मार्चनंतर नारळ देतात, आणि पुढच्या जूनमध्ये आपण आहोत की नाही हे कॉलेजच्या समितीच्या मनात येईल तेव्हा कळतं. घर माझं वरवंडला. कॉलेज सकाळचं. हायवेवर हात करून चौफुल्यापर्यंत जायचं, तिथून न्हावऱ्याची जीप, आणि न्हावऱ्याहून तळेगाव ढमढेऱ्याकडे जाणारं जे मिळेल ते. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्या खटाटोपात घरी शिकवण्या घेतल्या तरी चालेल. मला चालत नाही. मला वर्ग लागतो. समोर मुलं बसलेली असली की मी बरी असते, नाहीतर घरातल्यांना विचारा.

दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात ती गोष्ट होती. लेखकाचं नाव सांगत नाही, उगाच त्यांना या भानगडीत कशाला ओढा. गोष्ट छोटी. एका गावच्या कारभाऱ्याची कोंबड्यांमुळे झोपमोड होते. तो फर्मान काढतो, गावातले सगळे कोंबडे टोपलीखाली झाका, सकाळ झाली की आमच्या दारातला नगारा वाजेल, तेव्हाच उठायचं. लोक ऐकतात. मग एक गाडी येते, कोंबडे भरून नेते, आणि परत येतात तेव्हा ते गुबगुबीत झालेले असतात, पण आरवत नाहीत. शेवटी ऊन डोक्यावर येतं तरी गाव झोपलेलंच, कारण नगारा वाजवणारालाही रोज कोंबडाच उठवायचा.

वाचून झाल्यावर मी वर्गाला विचारलं, हा कारभारी कोण? अशा प्रश्नाला आमच्याकडे साधारण शांतता मिळते. निम्मी पोरं कारेगावला खोली करून राहतात, कंपनीतली दुसरी पाळी करून येतात आणि तासाला बाकावर मान टाकतात. मीही त्यांना उठवत नाही. पण त्या दिवशी मागून स्पष्ट आवाज आला, "आप्पा."

वर्ग असा हसला की झोपलेले जागे झाले.

हसण्याचं कारण सांगायला हवं. आप्पा म्हणजे कॉलेज ज्या गावात आहे त्या गावचे पुढारी. ग्रामपंचायत त्यांच्या हातात आणि आमच्या कॉलेजच्या समितीचे अध्यक्षही तेच. त्यांनी ग्रामपंचायतीच्या गच्चीवर चारी दिशांना भोंगे बसवले आहेत. रोज पहाटे त्यावर आधी अभंग लागतो, मग आप्पांचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो: गावकऱ्यांनो, उठा, सकाळ झाली. त्यामागून नळाला पाणी कधी येणार, घरपट्टी कुणाची थकली, लसीकरण कुठे आहे, हे सगळं. मी जीपमधून उतरते तेव्हा बहुतेक घरपट्टी चालू असते. एकदा रात्रभर लाईट नव्हती, भोंगा वाजला नाही आणि अर्धं गाव उशिरा उठलं, डेअरीची दुधाची गाडी चुकली. पोरांनी तेही मला गोष्टीच्या शेवटाशी जुळवून दाखवलं. मॅडम, आमच्याकडं हे झालेलं हाय, म्हणाली.

मी त्यांना सांगितलं की ही गोष्ट तुमच्या आप्पांच्या जन्माच्या आसपासची आहे, लेखकाने हे गाव पाहिलेलंही नसेल. पण ऐकतंय कोण. आमच्याकडे राजकारण म्हणजे सोसायटी, कारखाना आणि ग्रामपंचायत. दिल्लीवर कुणी गोष्ट लिहील हे पोरांना खरंच वाटत नाही. गोष्ट आहे म्हणजे ती कुणातरी ओळखीच्या माणसावर असणार, आणि ज्याच्यावर आहे तो रागावणार. आणि ह्यांतला निम्मा हिशोब त्यांचा बरोबर निघाला. कुणीतरी मोबाईलवर स्टेटस ठेवलं, आज वर्गात आप्पांचा धडा झाला, पुढे हसणारी तोंडं. संध्याकाळपर्यंत ते आप्पांपर्यंत गेलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. माणूस चांगला आहे, पण त्यांना समितीचा फोन आला की ते उभं राहून बोलतात. आप्पा रागावलेले नाहीत, म्हणाले. आप्पांनी फक्त एवढंच विचारलं होतं, की आम्ही कुणाची कोंबडी झाकली ते मॅडमना विचारा. शनिवारी ते स्वतः वर्गावर येणार होते. प्राचार्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की गोष्ट जुनी आहे, दुसऱ्या काळावर आहे, हे आप्पांना पुराव्यासकट पटवून द्या. पुढच्या वर्षीच्या नेमणुकांची बैठक जवळ आली आहे, हे त्यांनी चहा ढवळता ढवळता सांगितलं.

मला संताप आला. एका माणसाला आपण गोष्टीत आहोत असं वाटलं म्हणून मी पुरावे गोळा करायचे? पण संतापाने जूनमध्ये वर्ग मिळत नाही. दुसरं असं की पुरावा म्हणून माझ्याकडेही गाइडातलीच माहिती होती. आणीबाणी. वर्तमानपत्रांवर बंधनं, विरोधकांची धरपकड, नसबंदीची सक्ती. मी तेव्हा जन्मलेलीही नव्हते. चार ओळी पाठ होत्या आणि त्यांच्या जोरावर मी दरवर्षी ती गोष्ट शिकवत होते.

वर्गाला विचारलं, आणीबाणी म्हणजे काय? एक म्हणाला नोटबंदी. दुसरा म्हणाला लॉकडाऊन. मग मी त्यांना काम दिलं. ज्यांनी तो काळ पाहिलाय अशा माणसाला घरात, गल्लीत गाठायचं आणि विचारायचं की तेव्हा गावात कोण यायचं, काय बंद होतं, लोक कशाला भ्यायचे. कानांनी ऐकलेलं आणायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मोबाईलवरून उतरवलेला तोच एक परिच्छेद आणला, चुकासुद्धा त्याच. मी तो वाचून दाखवायला लावला, प्रत्येकाला, उभं करून. चौथ्या-पाचव्या वाचनानंतर त्यांनाच लाज वाटली.

मग खरं यायला लागलं. दौंडहून येणाऱ्या मुलाचे आजोबा रेल्वेत होते. ते म्हणाले, लई चांगला काळ व्हता. गाड्या टायमात, साहेब टेबलावर, कुणाची टाळाटाळ नाही. असल्या काळावर कोंबड्यांची गोष्ट लिहिणाऱ्याला काही कळत नाही, असाही निरोप त्यांनी माझ्यासाठी पाठवला होता. एकीच्या आजीला एवढंच आठवत होतं की मास्तर शाळा सोडून घरोघर हिंडायचे आणि बायका दाराला आतून कडी घालायच्या. मास्तर, तलाठी, पोलीस पाटील, सगळ्यांवर नसबंदीच्या ऑपरेशनला माणसं आणायचं ओझं होतं. नाही आणली तर पगार अडकायचा, असं ती सांगत होती.

मी स्वतः घरी सासऱ्यांना विचारलं. त्यांना आम्ही आबा म्हणतो. भाकरी कुस्करता कुस्करता ते सहज म्हणाले, "आम्ही उसात झोपायचो की." लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्या माणसाच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते. हायवे सोडून ऑपरेशनवाल्यांची जीप आत वळली आणि धुरळा दिसला की कुणीतरी पत्र्याचा डबा बडवायचं. गडीमाणसं फडक्यात भाकरी बांधून उसात. बायकांनी सांगायचं, पाव्हण्याकडं गेल्यात. बाहेर यायचे ते हातापायांना पाचटाने कापून घेऊनच. आबा हसत हसत सांगत होते, आणि सासूबाई चुलीपाशी बसून अजिबात हसत नव्हत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या उठून आत गेल्या.

आणखी एक पुरावा सापडला, तो पुस्तकातच. पोरं शिकतात आणि मी शिकवते ती गेटवरच्या झेरॉक्सवाल्याकडच्या प्रतीवरून. एका मुलाने लायब्ररीतून मूळ पुस्तक आणलं, तर त्यात गोष्टीच्या मधोमध, गाडी कोंबड्यांना घेऊन जाते त्यानंतर, अर्धं पान कोरं. आम्हाला वाटलं छपाई चुकली. झेरॉक्सवाल्यालाही तेच वाटलं होतं, म्हणून त्याने कागद वाचवायला खालचा मजकूर वर सरकवून घेतला होता. मग मला गाइडातली ओळ आठवली, की तेव्हा काही वर्तमानपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. ती ओळ मी कितीदा सांगितली होती, पण कोरी जागा दिसते कशी हे मीही पाहिलेलं नव्हतं. पुस्तक वर्गात फिरवलं. पोरं त्या कोऱ्या अर्ध्या पानावरून बोट फिरवून बघत होती.

शुक्रवारपर्यंत माझ्याकडे भरपूर जमलं होतं. आप्पांना पटेल असं सगळं. मी खुशीत होते. तास संपल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी मागे थांबली. ती त्याच गावची, मुसलमान घरातली. त्यांचा फळांचा गाडा ग्रामपंचायतीसमोर लागतो. तिच्या आजोबांना सगळं गाव चाचा म्हणतं. ती म्हणाली की आजोबांनी सांगितलंय, पण वर्गात सांगू का नको ते कळत नाही.

चाचांना बाजाराच्या दिवशी ऑपरेशनला पकडून नेलं होतं. गाडा उघडाच राहिला, फळं लोकांनी नेली. त्याबद्दल चाचा फार बोलले नाहीत. बोलले ते जीपबद्दल. जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून कुठलं घर, कोण माणूस हे दाखवणारा गावचाच होता. तेव्हाचे पोलीस पाटील. आप्पांचे वडील.

आगीतून उठून फुफाट्यात, ते असं. गोष्ट आप्पांवर नाही हे मी आता पुराव्यासकट दाखवू शकत होते, आणि पुरावा दाखवला की ती त्यांच्या वडलांवर जाऊन बसत होती. मी त्या मुलीला विचारलं, तुला काय वाटतं? तिने पटकन सांगितलं की भावाचा गाडा तिथेच लागतो. मग म्हणाली, पण आजोबांनी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलंय. मी तिला म्हटलं की तू बोलायचं नाहीस, काय सांगायचं ते मी बघते. आणि एसटीत बसल्यावर मी ठरवलं की ते सांगायचं नाही. मला वर्ग हवा होता, तिला गाडा. पटलं नाही मनाला, पण ठरवलं.

शनिवारी आप्पा आले. प्राचार्यांनी पुढे खुर्ची ठेवली होती, ती त्यांनी घेतली नाही. मागच्या बाकावर जाऊन बसले, जिथून त्यांचं नाव आलं होतं तिथेच. वयाने पन्नाशीच्या आत-बाहेर असतील. बाकात पाय मावत नव्हते, ते त्यांनी बाजूला काढून घेतले. मी सुरुवात केली. गोष्ट कधीची, तेव्हा देशात काय चाललं होतं, कोरी जागा का सोडली. मुलांनी आपापलं सांगितलं. रेल्वेवाल्या आजोबांचं ऐकून आप्पांनी मान डोलावली. उसाचं सांगितलं तेव्हा वर्ग हसला, आप्पाही हसले. नसबंदीपर्यंत येऊन मी म्हटलं, कोंबडे आरवेनासे होतात त्याचा अर्थ हा, आणि कारभारी म्हणजे तेव्हाची सत्ता. तेव्हा हा धडा कुणा एका माणसावर नाही. एवढं बोलून मी पुस्तक मिटलं.

प्राचार्यांनी सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला.

आप्पा मागून म्हणाले, "समदं सांगितलं मॅडम तुम्ही. जीपमधी पुढं कोन बसायचं, ते न्हाई सांगितलं."

पहिल्या बाकावरच्या मुलीने मान खाली घातली. तिचे कान लाल झालेले मला दिसत होते.

"आमचे वडील बसायचे," आप्पा म्हणाले. "समद्या गावाला म्हाईत हाय. माझ्यासमोर कुनी बोलत न्हाई, येवढंच."

पोरांना आता हसावं की काय करावं ते कळत नव्हतं. आप्पा बाकावरच्या कोरलेल्या नावांवर बोट फिरवत बोलायला लागले, आवाज भोंग्यावरचा नव्हता. लोक वडलांना म्हणायचे, दुसऱ्याला नेतोस, आधी तू जा. तेव्हा घरात एकटे आप्पा, तेही पाळण्यात. एका लेकराच्या बापाला कुणी नेत नव्हतं. पण वडील गेले. पहिल्या गाडीत स्वतः गेले आणि दुसऱ्या दिवसापासून पुढे बसायला लागले.

"मला पाठचा भाऊ न्हाई, भन न्हाई," आप्पा म्हणाले. "आई त्यांच्याशी त्यानंतर धड बोलली न्हाई. घरात आम्ही तिघं, आन् आवाज कुनाचाच न्हाई. मी मोठा झाल्यावर भोंगं बसवलं ते ह्याच्यामुळं, असं कुनी म्हनलं तर म्हना." शेवटच्या वाक्याला ते किंचित हसले.

मला वाटलं होतं की मी चिडलेली राहीन. हा माणूस माझी नेमणूक खिशात घेऊन आला होता, आणि तरीही मला त्याची दया आली. दया आल्याचा रागही आला.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. मी हाताने खूण केली, बस म्हणून. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

"आप्पा, आमच्या आजोबांना बी तुमच्या वडलांनीच नेलं व्हतं. बाजारातनं."

"म्हाईत हाय, बाळ. चाचा माझा नमस्कार घेत्यात. बोलत न्हाईत."

ती उभीच राहिली. आप्पा बाकातून पाय सोडवून उठले. प्राचार्य दारापाशी त्यांच्या चपला सरळ करायला वाकणार होते, एवढे घाबरले होते. जाता जाता आप्पांनी मला विचारलं, पुढच्या वर्षी हाच धडा आहे का. मी म्हटलं, धडा आहे, माझं माहीत नाही, तासिका मिळाल्या तर मी शिकवेन.

"तासिका मिळतील," ते म्हणाले. "पर निम्मं शिकवू नका. जीपमधी बसले ते सांगा, आन् आधी सोता गेले ते बी सांगा."

"आन् चाचांचं?" मुलीने विचारलं.

आप्पांनी दारात चपला पायात घातल्या. "ते बी सांगा," म्हणाले, आणि गेले.

सोमवारी जीपमधून उतरले तर भोंगा नेहमीसारखाच चालू होता. घरपट्टी, नळ, लसीकरण. मला कोण जाणे का वाटलं होतं की काहीतरी बदललेलं असेल. फळांचा गाडा जागेवर होता. मुलीला विचारलं, घरी काय म्हणाले? तिने आजोबांना सगळं सांगितलं होतं. चाचांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की आप्पा उभा राहून बोलला का बसून.

जूनमध्ये नेमणूक आली. नवा वर्ग, तीच गोष्ट. या वेळी झेरॉक्सवाल्याला जाऊन बजावलं की कोरं पान कोरंच ठेव, पैसे घे हवे तर. त्याने मान हलवली आणि परत सरकवून घेतलं. मग मीच मुलांना सांगितलं की गाडी जाते तिथे रेघ मारा आणि अर्धं पान सोडा.

वाचून झालं. मी विचारलं, कारभारी कोण? मागून लगेच आवाज आला, "आप्पा." वर्ग हसला. मी त्यांना पोटभर हसू दिलं. मग जीपचं सांगितलं, पुढे बसायचे ते सांगितलं, आधी स्वतः गेले ते सांगितलं, बाजारातला उघडा राहिलेला गाडा सांगितला. एका मुलाने विचारलं, मॅडम, मग आप्पांचे वडील कारभारी का कोंबडा? मी त्याला म्हटलं, घरी जा आणि विचार.

त्या दिवशी घरी आल्यावर मी सासूबाईंशेजारी जाऊन बसले. आबा उसात झोपायचे तेव्हा दारात जीपवाल्यांशी बोलायला कोण उभं राहायचं, ते मी तोवर विचारलंच नव्हतं.